मुलांना बीदर दाखवा!

दिवाळीची सुट्टी सरली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. सूचनाफलकावर कागद लागतो, वर्गणी ठरते, पालकांच्या सह्या होतात आणि एका पहाटे मुले गाणी म्हणत गाडीत बसतात. मुलांचा हा आनंद हिरावून घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु या सहलींतून मुले घरी काय घेऊन येतात, हा प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनी एकदा स्वतःला विचारलाच पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात बीदरच्या किल्ल्यात अशीच एक सहल आमच्या पाहण्यात आली. शंभरावर मुले आणि तीन शिक्षक. दरवाजापाशी रांग लावली, रंगीन महालापुढे छायाचित्र काढले, झाडाखाली डबे सोडले आणि तासाभरात गाडी पुढच्या गावाकडे निघाली. कारण त्या दिवसात आणखी चार ठिकाणे ‘करावयाची’ होती. आतील लाकडावरचे कोरीवकाम आणि काळ्या दगडात जडवलेले शिंपले कोणी पाहिलेच नाहीत. एका मुलाने विचारले, “गुरुजी, हे कोणी बांधले?” उत्तर मिळाले, “बादशहाने. चला, रांग मोडू नका.” त्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. शंभर मुलांची मोजदाद करता करता ज्याचा जीव मेटाकुटीस येतो, तो इतिहास कोणत्या वेळी सांगणार? दोष आहे तो सहलीच्या आखणीचा.

याहून मोठा दोष आमच्या मनात आहे. एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस विचारले, “बीदर आमच्या मुलांनी कशासाठी पाहावयाचे? तो आमचा इतिहास थोडाच आहे!” हे वाक्य ऐकून आम्हांस खेद वाटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद दुसऱ्या राज्यात. त्या वाटणीविषयीचे आमचे म्हणणे वाचकांस ठाऊक आहे आणि त्यातील एक अक्षरही आम्ही मागे घेतलेले नाही. परंतु तालुक्यांची वाटणी झाली म्हणून भूतकाळाचीही वाटणी झाली काय? दामाजीपंतांची कथा ऐकताना आमच्या आजीबाई डोळ्यांना पदर लावतात. विठ्ठल विठू महाराच्या रूपाने धान्याची रक्कम भरावयास ज्या दरबारात गेला, तो दरबार कथेप्रमाणे बीदरचाच ना? जे बीदर कीर्तनात आमचे, ते सहलीत परक्याचे कसे?

कल्याणचीही तीच गोष्ट. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. बसवेश्वरांचा अनुभवमंटप याच नगरीतला. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीच्या दाव्यांत ज्या ‘मिताक्षरे’चे नाव निघते, तो ग्रंथ विज्ञानेश्वराने येथेच, विक्रमादित्य सहावा याच्या काळात लिहिला. पुढे त्याचा पुत्र सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्या संस्कृत ग्रंथात आहे. मराठी ओवीची इतकी जुनी नोंद कल्याणच्या राजाने करून ठेवावी आणि औराद-भालकीच्या मराठी मुलीने कल्याण पाहू नये, ही केवढी विपरीत गोष्ट! तिला हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीच्या मंदिरापुढेही उभे करा. तेथे भिंतीवर दगडात कोरलेली एक तरुणी हातात लेखणी घेऊन विक्रमादित्याची प्रशस्ती लिहीत आहे. शिकणाऱ्या मुलीला याहून चांगली सोबतीण कोणती?

म्हणून आमची सूचना अशी की, एका दिवसात पाच गावे गाठण्याचा हव्यास सोडावा आणि तीन वर्षांचा क्रम आखावा. पहिल्या वर्षी जलसंगवी आणि कल्याण.

दुसऱ्या वर्षी बीदर आणि फक्त बीदर. किल्ल्यातील संग्रहालय पाहावे, पण मुख्य मुक्काम महमूद गावानच्या मदरशापाशी करावा, कारण ती मुळात शाळाच होय. इराणातील गीलानहून व्यापारासाठी आलेला हा पुरुष बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ च्या सुमारास त्याने हे विद्यालय उभारले. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. १४८१ मध्ये शत्रूंनी रचलेल्या बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच इमारतीत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि पुढची बाजू ढासळली. विद्यालयाचे दारूकोठार केले की काय होते, हे त्या अर्ध्या उरलेल्या दर्शनी भिंतीकडे पाहून मुलांना न सांगताही समजेल. नंतर त्यांना बिदरी कारागिराच्या ओसरीवर बसवा. जस्त आणि तांबे यांच्या भांड्यात रुप्याची तार कशी ठोकतात आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावणात भांडे काळे पडले तरी रुपे उजळ कसे राहते, हे रसायनशास्त्राच्या दहा तासांत न शिकवता येणारे त्यांना तेथे दिसेल.

तिसऱ्या वर्षी भीमेच्या काठाने जावे. पंढरपूरची चंद्रभागा तीच ही भीमा. ती पुढे गाणगापूरला येते आणि सन्नतीलाही. गाणगापूरचे माहात्म्य मराठीत गाणारे ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर हे मूळचे कानडी भाषक, हे मुलांना अवश्य सांगावे, शेजारच्या भाषेकडे पाहण्याची दृष्टी त्याने स्वच्छ होईल. सन्नतीला १९८६ मध्ये अशोकाचा शिलालेख सापडला. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावर राजाची मूर्ती असून तिच्याखाली ब्राह्मी लिपीत ‘रायो असोको’ अशी अक्षरे आहेत. अंगाईत ‘राया’ ऐकत वाढलेल्या मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द परका वाटेल काय?

आखणी चार गोष्टींची हवी. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यावे. संग्रहालयाचा सुट्टीचा वार, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह यांची चौकशी करावी. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा. माहितीचे दोन पानी मराठी टिपण आधीच हाती द्यावे. परतल्यावर प्रत्येक मुलाने पाहिलेल्या एका वस्तूवर लिहावे.

आणि नगरवासीयांनो, एक कर्तव्य तुमचेही आहे. गाडी निघते तेव्हा वर्गणी न भरता आल्याने काही मुले घरीच राहतात. त्यांत सालगड्याची आणि मोलकरणीची मुले असतात. व्यापाऱ्यांनी आणि गणेश मंडळांनी मनात आणले तर एकही मूल मागे राहणार नाही. भूमीवर हक्क सांगणाऱ्याने ती भूमी आपल्या मुलांना डोळे भरून दाखवलीही पाहिजे. ते काम न्यायालय करणार नाही, मंत्री करणार नाहीत. ते येत्या हिवाळ्यात तुम्हा-आम्हांलाच करावयाचे आहे.