आपले आरोग्य : तपासणी दोघांचीही हवी

कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आताच्या विजय दुर्गात, नेमणुकीवर असलेल्या जवानाला मूल झाले नाही, तर बोल लागतो तो गावी राहिलेल्या पत्नीला. नवससायासही तिनेच करायचे. हा अन्याय होय. सुमारे निम्म्या जोडप्यांत अपत्यहीनतेचे कारण, पूर्णतः वा अंशतः, पतीकडे असते.

लग्नाची वर्षे मोजू नयेत. नियमित सहवासाच्या एका वर्षानंतरही गर्भ न राहिल्यास दोघांनी डॉक्टरांकडे जावे. पत्नी पस्तिशीपुढची असल्यास सहा महिन्यांनीच. वीर्यतपासणीत कसलीही वेदना नसते व पतीला ती नेमणुकीच्या ठिकाणीही करून घेता येते. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावा. दोष आढळल्यास काही आठवड्यांनी फेरतपासणी करावी.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्याचा वा उपचारांचा गुण लगेच दिसत नाही. वृषणाजवळील शिरा फुगल्या असल्यास शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांची माहिती १९९२ साली ब्रुसेल्सहून प्रसिद्ध झाली. तेव्हापासून शुक्रजंतू अत्यल्प असणाऱ्यांनाही आशा आहे.

तपासणीने पौरुषाला उणेपणा येत नाही. पत्नीवरचा बोल मात्र टळतो.