वेगळ्या शाळेत का घालायचं?



‘स्वमग्न मुलाला वर्गात जमत नसेल तर वेगळ्या शाळेत घाला,’ असं आपल्यातल्याच बायका सहज बोलून जातात. का घालायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, सर्वांबरोबर शिकण्याचा हक्कही आहे.

माझा नातू घंटा झाली की कान झाकून रडायचा. बाईंनी फळ्याशेजारी दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक लावलं, घंटेआधी त्याला सांगू लागल्या, डबा खायला एक सोबती दिला. खर्च किती? जवळजवळ शून्य! आता तो स्वतःहून डबा पुढे करतो.

‘डोळ्यांत बघून बोल’ म्हणून दटावणं ही शिकवण नव्हे, छळ आहे. आणि मैत्री त्यानं एकट्यानंच शिकायची का? आपल्या नातवंडांनाही सांगा, त्याला खेळायला घ्या.