चाला म्हणता, पण चालायचं कुठे?

"डॉक्टर, चालायला सांगता, पण चालायचं कुठे?" दवाखान्यात हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. आधी मला ती सबब वाटायची. जवळच्या कामांना सायकलने किंवा पायी जाऊ लागलो, तेव्हा प्रश्न खरा आहे हे कळलं. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, कुठे फरशी उखडलेली. गुडघे दुखणाऱ्या आजींना भर रहदारीत रस्त्यावर उतरावं लागतं. गाडीच्या काचेआडून हे कधी दिसलंच नव्हतं.

नाशिकला सायकलचं वेड आहे. २०१५ साली आपल्याच शहरातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. एका समुद्रकिनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने सायकल चालवत! त्यांचं कौतुक जरूर करा, पण घाबरून जाऊ नका. तुम्हाला एवढं करायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. अर्धा तास सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. जेवणानंतर चाललात तर स्नायू रक्तातली साखर वापरतात. मधुमेहींना त्याचा विशेष फायदा होतो. भाजी, दूध, औषधं आणायला गाडी काढू नका.

दोन गोष्टी सांभाळा. चालताना छातीत दुखलं, दडपण आलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. थांबूनही दुखणं राहिलं, तर थेट रुग्णालय गाठा. दुसरं, मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर अनवाणी चालू नका. ब्रह्मगिरीची फेरी असो की समुद्राची तापलेली वाळू, जखम झालेली कळतही नाही. घरी आल्यावर तळवे रोज तपासा.

माझं स्पष्ट मत आहे: चांगला फुटपाथ ही शोभेची वस्तू नाही, आरोग्यसेवाच आहे. मतं मागायला येणाऱ्यांकडे रस्त्याइतकाच आग्रहाने फुटपाथ मागा. आणि आपली गाडी फुटपाथवर लावू नका. तिथून चालणाऱ्या कुणाला तरी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेलं असतं.