काठी कुणाच्या हातात?

दोस्तहो, पँथर हे नाव आपण अमेरिकेतून उचललं, हे आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तो पँथर तिथं पहिल्यांदा कागदावर कशासाठी उमटला, ते विचारा. निम्मे गप्प बसतील. तो उमटला निवडणुकीच्या चिन्हासाठी. आणि त्या निवडणुकीतली सगळ्यात महत्त्वाची जागा होती शेरीफची.

शेरीफ म्हटल्यावर मुंबईचा शेरीफ डोळ्यांसमोर आणू नका. तो बिचारा मानाचा धनी, पाहुण्यांना हार घालायचा आणि परत जायचं. अमेरिकेतला शेरीफ म्हणजे काउंटीचा फौजदार. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबात एखादा तालुका नाहीतर जिल्हा. तुरुंग त्याच्या ताब्यात, कोर्टाची समन्सं तो बजावणार, कुणाला घरातून बाहेर काढायचा हुकूम निघाला तर तोच अंमलात आणणार. त्याला वरून कुणी नेमत नाही, लोक मतं देऊन निवडतात. आता लोक म्हणजे कोण, हीच तर खरी भानगड.

अलाबामा राज्यातली लाऊंड्स काउंटी. दर पाचात चार माणसं काळी. पण 1965 उजाडलं तेव्हा मतदारयादीत काळं माणूस एकही नाही. मग शेरीफ कुणाचा? ज्यांची जमीन त्यांचा. त्या वर्षी काळ्यांनी नावं नोंदवायला सुरुवात केली आणि जमीनदारांनी त्यांना शेतावरून, खोपटांतून हाकलून लावलं. लोकांनी हायवेच्या कडेला तंबू ठोकले आणि थंडीत तिथंच राहिले. 1972 चा बावड्याचा बहिष्कार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं. तिथल्या डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची उघड घोषणा. त्या कोंबड्यासमोर यांनी काळा पँथर ठेवला. नोव्हेंबर 1966 ला शेरीफपदासकट निवडणूक लढवली आणि हरले. त्याच संघटनेच्या उभारणीतला जॉन ह्युलेट 1970 ला शेरीफ म्हणून निवडून आला, तो पुढं वीसेक वर्षं त्या खुर्चीवर राहिला. आपण त्यांची डरकाळी तेवढी ऐकली. मतपेटीत टाकलेला पँथर आपल्या कुणाच्या लक्षातच राहिला नाही.

आता आपल्याकडे या. माझं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात. कोरेगाव म्हटलं की तुम्ही 1 जानेवारीला पोचता, पण हे भीमेकाठचं कोरेगाव नव्हे. हे साताऱ्याच्या पूर्वेचं, पुणे-मिरज रेल्वेवरचं. तिथं काउंटीही नाही आणि शेरीफही नाही. तिथं पाटील होता. आणि पाटलाच्या मागं काठी घेऊन माझा आजा होता. येसकर.

येसकरानं काय काय करायचं? रात्रभर गावात गस्त घालायची. पाटलाचा सांगावा पोचवायचा. साहेब आला की त्याचं ओझं वाहायचं. मयताची बातमी पायी परगावी न्यायची. चोर पळाला तर पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. हद्दीचा तंटा पेटला की हद्द कुठली ते महारानंच सांगायचं. म्हणजे गावाचं अख्खं पोलीस खातं आम्ही चालवत होतो! पगार काय, तर दारोदार मागून आणलेली शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. आणि चोर सापडला नाही की पहिली झडती कुणाची, ते तुम्हीच सांगा. इंग्रजानं 1867 ला गावपोलिसांचा कायदा केला, 1874 ला वतनाचा. गावगाडा होता तसाच राहिला, कागदावर शिक्का तेवढा बसला. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते हा फास सोडवायला. तो कायद्यानं सुटला 1958 साली. येसकर गेला, पगारी कोतवाल आला. मग 1962 ला पाटलांच्या वंशपरंपरेवरही कुऱ्हाड पडली, आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं आजचा पोलीस पाटील उभा केला.

या कायद्याचं सहावं कलम प्रत्येकानं एकदा वाचावं. गावात गुन्हा घडू द्यायचा नाही, घडला तर गुन्हेगार शोधायचा, शांततेला धोका दिसला तर ठाण्याला कळवायचं, हे त्यात आहेच. त्याशिवाय गावातल्या लोकांचं आरोग्य आणि त्यांची एकंदर स्थिती काय आहे हेही दंडाधिकाऱ्याला सतत कळवत राहायचं, असं त्यात म्हटलंय. सतत! मग माझा सवाल असा. वस्तीचं पाणी तोडलं, दुकानदारानं मीठ-मिरची द्यायचं बंद केलं, वरातीतला घोडा अडवला, ही लोकांची स्थिती आहे की नाही? अट्रॉसिटीच्या कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं बहिष्कार हा गुन्हा ठरलाय. त्याच कायद्याचं चौथं कलम सांगतं की आपल्या समाजाबाहेरच्या सरकारी नोकरानं या कायद्यातलं कर्तव्य जाणूनबुजून टाळलं तर तोही आत जाईल. पण पोलीस पाटील गावचाच. त्याचे सोयरे गावात, बांधाला बांध गावात. "गावची अब्रू आहे, मिटवून घेऊ," हे वाक्य त्याच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय. गावच्या अब्रूत आमची अब्रू कधी धरलीच जात नाही.

म्हणून माझं म्हणणं, ही जागा आपल्या पोरापोरींनी घेतली पाहिजे. ती आता बापाकडून पोराला मिळत नाही. दहावी पास, वय 25 ते 45, गावचा रहिवास, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, नेमणूक प्रांताच्या सहीनं. राखीव जागा आहेत, बायांसाठीही आहेत. 2024 साली मानधन 15,000 झालं. आपल्यातले काही लगेच म्हणतील, ही सरकारची हुजरेगिरी झाली. ह्युलेटलाही तसं म्हणणारे भेटले असतील. चाळीच्या जिन्यात बसून क्रांती करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, गावात रात्री दोन वाजता वस्ती पेटली तर पहिला फोन कुणाला करायचा?

पण हुरळून जाऊ नका. खैरलांजी आठवा. सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला मार खाल्लेला माणूस शेजारच्या धुसाळा गावचा पोलीस पाटील होता आणि तो आपलाच होता. हातात कायदा असलेला माणूस! त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला एक माय आणि तिची लेक उभी राहिली. आरोपी जामिनावर सुटले आणि 29 सप्टेंबरला त्या मायलेकी आणि घरातले दोन्ही भाऊ संपवले गेले. भंडाऱ्याच्या कोर्टानं 2008 ला सहा जणांना फाशी सुनावली, हायकोर्टानं 2010 ला ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली, आणि अट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडं लागलं नाही. नुसती सनद खिशात असून भागत नाही, ते असं. लाऊंड्समध्ये ह्युलेट एकटा नव्हता. तंबूत राहिलेली, नाव न खोडू दिलेली हजारो माणसं त्याच्या पाठीशी होती. आपला पोलीस पाटील गावात एकटा पडणार असेल तर तो उद्याचा मार खाणारा माणूस आहे. त्याच्या मागं वस्ती हवी, तालुक्याला वकील हवा, आणि मुंबई-पुण्याहून त्याच रात्री निघणारी आपली पोरं हवीत.

या मे महिन्यात तुम्ही गावी जालच. कोरेगाव असो, खटाव असो, कराड असो, तहसील कचेरीत जाऊन विचारा, आपल्या गावची जागा भरलीय की रिकामी, आणि राखीव असेल तर कुणासाठी. मग माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत पोलीस पाटलानं वस्तीच्या स्थितीबद्दल वर काय कळवलं, त्याच्या नकला द्या. येईल ते उत्तर आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. उत्तर नाही आलं तर गावाच्या नावापुढं कोरी जागा सोडू.