विचारणे आणि कळवणे

'शिकायला जाणे' आणि 'फिरायला जाणे' या दोन गोष्टी मराठी घरात सहसा एका वाक्यात नांदत नाहीत. मुलगा शिकायला गेला आहे असे सांगताना बापाचा आवाज जरा चढतो. तो फिरायला गेला आहे असे सांगताना तोच आवाज खाली येतो. फिरायचे ते शिक्षण संपल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर आणि खरे म्हणजे पेन्शन बसल्यावर, असा आपल्याकडचा क्रम आहे. तोवर गुडघे साथ देईनासे होतात, ही गोष्ट निराळी.

पूर्वी या क्रमाला फारशी अडचण येत नसे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्या जूनमध्ये अमेरिकेला पोचल्या. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हाही टपाल बोटीनेच येई-जाई. परदेशातल्या विद्यार्थ्याने एखादा रविवार कसा घालवला हे घरी कळायचेच झाले तर कित्येक आठवड्यांनी कळायचे. आणि इतक्या शिळ्या गोष्टीवर रागावण्यात कोणाला गोडी वाटणार? आता तसे राहिलेले नाही. मुलगी पुलाच्या मध्यावर उभी असते, आणि तिचे छायाचित्र सांगलीला तिच्या वडिलांच्या हातातल्या फोनवर येऊन पडलेले असते. राग ताजा राहण्याची इतकी उत्तम सोय आजवर कधी झाली नव्हती.

ही मुलगी आमची भाची. पुण्याला अभियांत्रिकी संपवून २०२३ च्या ऑक्टोबरात ती पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील ड्रेस्डेनला गेली. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी बहुधा नसते, हे ऐकून आमचे मेहुणे प्रथम हरखले होते. मग कळले की, राहण्याखाण्याचे वर्षाचे पैसे आगाऊ एका खात्यात भरून दाखवावे लागतात. त्या वर्षी ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाख रुपयांच्या घरात. ती एकदम हाती येत नाही. तेव्हा दरमहा ९३४ युरो एवढेच काढता येत होते. मेहुण्यांनी दोन मुदतठेवी मोडल्या. त्या दिवसापासून ९३४ हा आकडा त्यांच्या घरात एखाद्या मंत्रासारखा झाला. ताई भाजी घेतानासुद्धा नव्वदाने गुणाकार करू लागली.

आणि २०२४ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी ते छायाचित्र आले. भाची, तिच्या दोन्ही बाजूंना तीन मित्रमैत्रिणी, मागे दगडी पुतळे आणि नदी. चौकशी केल्यावर समजले की, हे ड्रेस्डेन नव्हे, प्राग आहे. म्हणजे दुसरा देश! मेहुण्यांनी फोन शांतपणे ताईच्या हातात दिला आणि पुढचे दोन आठवडे तो परत घेतला नाही. मुलीचा फोन आला की ते अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालत. त्या जास्वंदीला तेवढे पाणी सोसले, हीच नवलाची गोष्ट.

दोन आठवड्यांनी ताईने मला बोलावून घेतले. घरात भांडण झाले की मामाला बोलवायचे, ही चाल महाभारताइतकी जुनी आहे; तिथे मामाने काय केले हे मात्र आपण विसरतो. माझ्याजवळ भाचीने पाठवलेले लांबलचक पत्र होते. तेच मी दाजींना वाचून दाखवायचे ठरवले.

पत्रात सुरुवातीलाच हिशेब होता. बापाची लेक! विद्यार्थ्यांच्या पासावर लोकलने सरहद्दीवरच्या बाड शांडाऊपर्यंत, तिथून छोट्या गाडीने द्येचीनला आणि पुढे चेक तिकिटावर प्राग. थेट जाणारी गाडी अडीच तासांच्या आत पोचवते. हा मार्ग लांबचा आणि गाड्या बदलण्याचा, पण स्वस्त. आठ जणांच्या खोलीत एक खाट, डब्यात घरून नेलेला लिंबूभात, सगळे मिळून ६१ युरो. हे पैसे तिने आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तके लावून मिळवले होते. "दाजी, ९३४ ला हात लागलेला नाही," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

पुढे प्रवासाचे वर्णन होते. गाडी बराच वेळ एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. सरहद्द ओलांडली की त्याच नदीचे नाव 'लाबे' होते. प्रागची नदी वल्तावा. ती मेल्निक गावापाशी लाबेला मिळते. भाचीने लिहिले होते, "आपल्या हरिपुरात वारणा कृष्णेला मिळते तशी." सातासमुद्रापलीकडे जाऊन मुलीला हरिपूरचा संगम आठवावा, यावर दाजींची भुवई किंचित हलली.

प्रागच्या जुन्या नगरभवनावर १४१० सालचे घड्याळ आहे. ते वेळ सांगतेच. शिवाय सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्राची कला काय, हेही दाखवते. दर तासाला खिडक्या उघडून ख्रिस्ताच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि बाजूचा हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो. "बाबांना आवडेल. भिंतीवर टांगलेले पंचांगच," असा शेरा होता. तो छायाचित्रातला चार्ल्स पूल. त्याचा पाया सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली घातला. त्यासाठी ज्योतिषांनी सातव्या महिन्याची ९ तारीख आणि पहाटे ५ वाजून ३१ मिनिटे असा मुहूर्त काढला, असे सांगतात. कारण वर्ष, तारीख, महिना, तास, मिनिटे ओळीने लिहिली की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ अशी चढती-उतरती माळ होते. वेन्सेस्लास चौकात बाटाची इमारत पाहून तर भाची थक्क झाली. शाळेच्या पहिल्या दिवशीचे ते काळे बूट ज्यांचे, ती कंपनी आपलीच असे तीही समजत होती. ती निघाली चेक देशातल्या झ्लीन गावची, १८९४ सालची!

इथवर वाचून होईपर्यंत ताई दोनदा हसली. दाजी मात्र म्हणाले, "हे सगळं पुस्तकात मिळतं. त्यासाठी न सांगता जायला नको."

तक्रार खरी कुठे होती, हे मला तेव्हा कळले. पैशाचा हिशेब त्यांनी केव्हाच मिटवला होता. 'न सांगता' हे दोन शब्द मात्र दोन आठवडे त्यांच्या घशात अडकून बसले होते.

मी पुढचे पान उलटले. चौघांतली एक मुलगी ड्रेस्डेनचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना नदीपलीकडच्या एका जुन्या वाड्यामागे नेले. हा लोब्कोविझ वाडा. जर्मनीची वकिलात तिथे आहे. मागे बाग, बागेला उंच लोखंडी कुंपण, आणि आत चार पायांवर उभी असलेली एक मोटार, पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट गाडीचे शिल्प. मैत्रीण कुंपणाचे गज धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने तिच्या मामाची हकीकत सांगितली.

१९८९ साली ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत होते. तिथल्या लोकांना पश्चिमेकडे जाण्याची बंदी. पण चेकोस्लोव्हाकियात जायला व्हिसा लागत नसे. त्या सप्टेंबरात लोक प्रागला येऊ लागले आणि पश्चिम जर्मनीच्या वकिलातीचे हे कुंपण चढून आत उतरू लागले. महिनाअखेरीस बागेत सुमारे ४ हजार माणसे होती. तंबू, चिखल, लहान मुले. झोपायचे तेही पाळीपाळीने. या मुलीचा मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो घरी आईला म्हणाला होता, "दोन दिवस मित्रांबरोबर प्रागला फिरून येतो."

३० सप्टेंबरच्या संध्याकाळी पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गेन्शर वाड्याच्या सज्जात आले आणि त्यांनी जाण्याची परवानगी मिळाल्याचे सांगितले. लोकांच्या जल्लोषात त्यांचे वाक्यही पुरते ऐकू आले नाही. पण पूर्व जर्मनीच्या सरकारने एक अट घातली होती: गाड्या आपल्याच मुलखातून गेल्या पाहिजेत, म्हणजे आपणच या लोकांना हाकलून दिले असे म्हणता येईल. म्हणून ती गाडी प्रागहून निघाली ती रात्री ड्रेस्डेनवरूनच गेली. वाटेत अधिकारी चढले आणि प्रत्येकाचे ओळखपत्र काढून घेऊन गेले. मामाला खिडकीतून आपल्या गावाचे दिवे दिसले. तिथून थोड्याच अंतरावर त्याची आई झोपलेली होती, आणि मुलगा प्रागमध्ये पूल पाहतो आहे अशीच तिची समजूत होती.

३ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीने चेक सरहद्दही बंद केली. पुढच्या गाड्या जायच्या होत्या तेव्हा ड्रेस्डेनच्या स्टेशनावर हजारो माणसे जमली आणि पोलिसांशी झटापट झाली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? मधले चाळीस दिवस त्या घरात सगळ्यांनी हेच धरून ठेवले होते की, मुलगा आता या जन्मी भेटत नाही.

मी थांबलो. ताईने पदराने चष्मा पुसला आणि विचारले, "त्या चाळीस दिवसांत ती माउली काय करत असेल रे?"

पत्रात त्याचे उत्तर होते, कारण भाचीनेही मैत्रिणीला तेच विचारले होते. आजी रोज दुपारी जिना उतरून टपालाची पेटी उघडून पाहायची. एवढेच.

शेवटचा मजकूर परतीचा. चेक देश २००७ च्या डिसेंबरात शेंगेन करारात आला आणि या सरहद्दीवरची रोजची तपासणी संपली. जर्मनीत राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही करारातल्या इतर देशांत दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते. पण बाहेरून बेकायदा येणारी माणसे अडवायची म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात जर्मनीने चेक सरहद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली होती. बाड शांडाऊला पोलीस गाडीत आले. ड्रेस्डेनच्या मुलीचे ओळखपत्र घरच्या दुसऱ्या कोटात राहिले होते. तिला दहा मिनिटे प्रश्न विचारून, नाव-पत्ता टिपून सोडले. भाचीने आपली प्लास्टिकची पिशवी उघडली. पासपोर्ट, परवान्याचे कार्ड, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि प्रत्येकाच्या दोन-दोन साक्षांकित प्रती. पोलीस हसून म्हणाला, "इतकं लागत नाही हो!" तिने लिहिले होते, "त्याला काय माहीत, ही पिशवी कोणी भरून दिली आहे ते. मैत्रीण म्हणाली, तुमच्याकडे कागदांना एवढा जीव का लावतात? मला तिच्या मामाचं काढून घेतलेलं ओळखपत्र आठवलं. मी काहीच बोलले नाही."

दाजींनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि तेवढा भाग स्वतः पुन्हा वाचला. मग विचारले, "परवान्याचं कार्ड किती तारखेपर्यंत आहे तिचं?"

ताईने मुकाट्याने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी बापलेकीत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मी अंगणात जास्वंदीपाशी होतो. पण तह झाला, आणि तह झाला एका क्रियापदावर. भाचीचे म्हणणे असे की, दर खेपेस विचारायचे तर उत्तर नकारच येणार. दाजींचे म्हणणे असे की, ते खरे आहे. शेवटी 'विचारणे' हा शब्द दोघांनी मिळून रद्द केला आणि त्या जागी 'कळवणे' हा शब्द घातला. मी वर्गात वीस वर्षे मराठी शिकवतो, पण समानार्थी वाटणाऱ्या दोन शब्दांतला फरक इतक्या उपयोगी रीतीने स्पष्ट झालेला मी पाहिला नव्हता. विचारण्यात परवानगी असते, कळवण्यात नाते. वयात आलेल्या मुलांकडून पहिले मागू नये. दुसरे मात्र हक्काने मागावे.

फिरायला जाणारी सगळीच मुले कुंपणापाशी थांबतात, असा माझा दावा नाही. बरीचशी घड्याळाखाली छायाचित्र काढून परततात, आणि त्यातही काही पाप नाही. पण कोणत्या गल्लीत काय शिकायला मिळेल हे इकडे सांगलीत बसून ठरवता येत नाही, एवढे खरे.

परवा ताईकडे फराळाचे पार्सल बांधायला गेलो होतो. चकल्या मोडू नयेत म्हणून दाजी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या डब्यात घालत होते. तेवढ्यात फोन वाजला. भाची पुढच्या शनिवारी पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला जाणार होती. दाजींनी कपाटाच्या दारावर चिकटवलेला युरोपचा नकाशा पाहिला, बोटाने अंतर मोजले आणि फोनमध्ये एवढेच म्हणाले, "बरं. पिशवी घेतलीस ना?"