शिकवणाऱ्या चित्राचे मोल

वर्गात टांगावयाचा तक्ता दुकानातून आणताना पैसे देण्यास कोणी हात आखडता घेत नाही. तोच तक्ता एखाद्या शिक्षिकेने स्वतः रेखाटून डाऊनलोड करून घेण्याजोग्या पीडीएफ स्वरूपात विक्रीस ठेवला, की मात्र ‘विद्येचा बाजार मांडला’ असा सूर उमटतो. फाईलचे वजन हाताला जाणवत नाही, म्हणून तिच्यामागचे श्रमही आपल्या नजरेत भरत नाहीत. या वृत्तीची किंमत अखेरीस मराठी माध्यमातील मुलाला मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या पॉल एडेलमन यांनी २००६ मध्ये ‘टीचर्स पे टीचर्स’ ही इंटरनेटवरील बाजारपेठ सुरू केली. शिक्षकांनी तयार केलेली चित्रे, तक्ते व सरावपत्रिका तेथे इतर शिक्षक विकत घेतात. श्रमाला मोबदला मिळू लागल्यामुळे इंग्रजीत अशा साहित्याचे भांडार उभे राहिले. आपल्याकडील अनेक शिक्षक असेच आयते साहित्य शोधतात आणि त्यावरील इंग्रजी शब्द पुसून मराठी शब्द लिहितात. मग ‘घर’ या शब्दापुढे धुराड्याचे घर येते आणि ‘हिवाळा’ शिकवताना बर्फाचा बाहुला उभा राहतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाला ‘वाहने’ हा पाठ शिकवताना बैलगाडी आणि एसटी दिसली पाहिजे. आपल्या भोवतीचे जग पुस्तकात येण्याजोगे नाही, असा अबोल धडा त्या मुलाला या परक्या चित्रांतून मिळत राहतो.

आपल्या मातीतील चित्रे काढणारे हात आपल्याकडे आहेत. मात्र हे काम सोपे नाही. ए-फोर आकाराचे पान स्वच्छ छापले जावे, तर ते ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलमध्ये तयार करावे लागते. बहुतेक शाळांत झेरॉक्स काळी-पांढरीच निघते. म्हणून रंगांनी दाखवलेला फरक रेघा, ठिपके व जाड-बारीक कडा यांनीही दाखवावा लागतो. अक्षरांचे वळण हा त्याहून नाजूक विषय आहे. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागानेही २०२२ च्या शासन निर्णयात हीच वळणे स्वीकारली आहेत. संगणकावर हिंदी व मराठी ‘ल’चा संकेतांक एकच असतो, वळण ठरवतो तो फॉन्ट. तो निष्काळजीपणे निवडला, तर पहिलीतील मूल चुकीचे वळण शेकडो वेळा गिरवते. भारताच्या नकाशाची सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. तसा न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. इतकी काळजी घेणाऱ्याने मोबदला मागितला, तर त्यात कमीपणा कसला?

मात्र मोबदला मागणाऱ्याने स्वतःही प्रामाणिक असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शिक्षक व विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघात प्रती काढण्याची मुभा देते. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या मुभेचा उदार अर्थ लावला. पण वर्गासाठी असलेली ही मुभा विक्रीचा परवाना ठरत नाही. पाठ्यपुस्तकातील किंवा इंटरनेटवरील चित्र कापून आपल्या संचात घालणे आणि तो संच विकणे, हा दुसऱ्याच्या श्रमावरच डल्ला आहे. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ या अटीवर मोफत मिळणाऱ्या चित्रांनाही हेच लागू होते.

घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. एका शिक्षकाने संच विकत घ्यावा आणि सायंकाळपर्यंत तो पाच व्हॉट्सॲप गटांत फिरावा, हे आता नित्याचे झाले आहे. आपल्या वर्गातील चाळीस मुलांसाठी प्रती काढणे वेगळे आणि चारशे शिक्षकांना मूळ फाईल पाठवणे वेगळे. विक्रेत्याने पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहावे : ‘आपल्या वर्गासाठी हव्या तितक्या प्रती काढा; फाईल पुढे पाठवू नका.’

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जेथे खडूलाही पैसे पुरत नाहीत, त्या शाळेने चित्रे कशी विकत घ्यावीत? त्या शाळेला ती मोफतच मिळाली पाहिजेत. फक्त त्याचा भार चित्रकारावर पडू नये. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर साहित्य मोफत मिळते, ते त्यामागे सार्वजनिक पैसा उभा असल्यामुळे. तेच काम लहान प्रमाणात माजी विद्यार्थी संघ करू शकतात. शाळेला पुस्तकांची पेटी भेट देतो, त्याचप्रमाणे एखादा चित्रसंच संपूर्ण शाळेच्या वापरासाठी विकत घेऊन द्यावा. किंवा चित्रकाराला एकदाच पुरेसे मानधन देऊन तो संच सर्वांना खुला करावा.

शासकीय सेवेतील शिक्षकांना खासगी व्यवसायाबाबत सेवानियमांचे बंधन असते. त्यांनी आधी रीतसर परवानगी घ्यावी. निवृत्त शिक्षक आणि चित्रकलेचे अंग असलेले माजी विद्यार्थी यांना असा अडसर नाही. त्यांनी एका इयत्तेचा, एका विषयाचा दहा पानांचा संच तयार करावा, तो दोन वर्गांत वापरून पाहावा, मुलांना जे उमगले नाही ते दुरुस्त करावे आणि मगच त्यावर किंमत लिहावी. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ती किंमत घासाघीस न करता द्यावी. त्या पैशातूनच पुढच्या इयत्तेचा संच तयार होईल.