पथ्याचा फराळ

दिवाळी जवळ आली कीं घरोघर भाजणीचा खमंग वास सुटतो आणि फराळाचीं ताटें शेजारीं, व्याह्यांकडे, लेकींच्या सासरीं जाऊं लागतात. ही रीत जुनी आणि गोड आहे. परंतु ज्याच्या घरीं ताट जातें त्याला त्यांतलें काय खातां येतें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. मींही तो विचारला नाहीं, आणि त्याची शिक्षा एका लहान मुलाला भोगावी लागली. म्हणून वाचकांपुढें आज हा विषय मांडीत आहें.

माझ्या भाचीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सीलिअ‍ॅक नांवाचा विकार आहे. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. तें पोटांत गेलें कीं अशा माणसाच्या आंतड्याच्या अस्तराला इजा होते. तें प्रथिन जन्मभर टाळणें हाच यावर उपाय. गेल्या भाऊबीजेला तो आमच्याकडे आला. करंजी मैद्याची आणि रवाही गव्हाचाच, एवढें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून मीं मोठ्या अभिमानानें त्याच्यापुढें चकल्यांची बशी ठेविली. भाजणी तांदळाची व डाळींची, मग भीति कसली?

रात्रीं मुलाचें पोट दुखूं लागलें, ओकाऱ्या झाल्या. मागाहून शोध केला तेव्हां तीन चुका सांपडल्या. भाजणी गिरणींत गव्हाच्या दळणावर दळली होती. चकल्या शंकरपाळ्यांच्याच तेलांत तळल्या होत्या. आणि हिंगाच्या डबीवर गव्हाचें पीठ मिसळल्याचें स्वच्छ छापलेलें होतें. जन्मभर मुलांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून बजावणाऱ्या मास्तरानें घरांतली डबी कधीं वाचली नव्हती!

"मामा, तुम्हीं प्रेमानेंच दिलेंत," एवढेंच भाची म्हणाली. पण सकाळीं मुलगा म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षीं मी घरूनच केळें घेऊन येईन." तें वाक्य माझ्या मनाला फार लागलें.

पथ्य हा शब्द 'पथिन्' म्हणजे मार्ग यापासून झाला आहे. मार्ग सोडून नसलेलें तें पथ्य, असा अर्थ पाणिनीय व्याकरणांत दिला आहे. आपण मात्र पथ्य म्हणजे उपासमार समजतों, आणि "सणाच्या दिवशीं एका घासानें काय होतें?" असा आग्रह करून दुसऱ्याला त्याच्या मार्गावरून ढकलतों. असला आग्रह म्हणजे आतिथ्य नव्हे.

कांहीं गोष्टी सर्वांनींच ध्यानांत ठेवाव्यात. मधुमेह्याला गुळाचा किंवा मधाचा लाडू चालतो हा भ्रम आहे. दोहोंनींही रक्तांतील साखर वाढते. 'साखरविरहित' मिठाईंतही पीठ व तूप असूं शकतें. त्याला भाजलेले हरभरे किंवा थोडे बदाम-अक्रोड द्यावेत. परंतु हाच सुका मेवा मूत्रपिंडाच्या रोग्याला विचारल्यावांचून धाडूं नये. आणि बाजारांतील 'कमी सोडियम'चें मीठही त्याच्या पदार्थांत घालूं नये, कारण त्यांत बहुधा पोटॅशियम असतें. ज्याला शेंगदाणे बाधतात त्याच्यासाठीं चिवड्यांतील दाणे वेंचून काढणें पुरेसें नाहीं. चिवडा मुळापासून निराळाच करावा. आणि एक वर्षाच्या आंतील बालकाला मध बोटभरही चाटवूं नये.

यंदा मीं भाचीला आधींच फोन केला. विचारण्यांत संकोच वाटला खरा, पण तिला त्याचा आनंदच झाला. अनारसे करावयाचे ठरलें. त्यांत तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप. गव्हाचा संबंध नाहीं. तांदूळ भिजवून, घरींच धुतलेल्या भांड्यांत वाटावयाचे. इतर तळणाच्या आधीं, नव्या तुपांत, पहिला घाणा त्याचा. डबा वेगळा, आणि त्यांत काय काय आहे याची चिठ्ठी वर चिकटविलेली. चिठ्ठी मी स्वतः, वळणदार अक्षरांत लिहिणार आहें.

मुलानें केळें आणलें तर आणूं दे. तें आम्ही वाटून खाऊं.